धुराचा हिशेब पंपावर नको

राज्याराज्यांतल्या वाहतुकीच्या प्रदूषणाची तुलना निघाली की एक सोपी रीत पुढे येते. राज्यात विकलेलं इंधन घ्या, लिटरमागे पेट्रोलला सुमारे २.३ आणि डिझेलला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, लोकसंख्येनं भागा, क्रमवारी तयार! अख्ख्या देशाच्या हिशेबाला ही रीत चोख आहे, कारण देशात विकलेलं इंधन बहुतांशी देशातच जळतं. राज्यांना मात्र ती लागू पडत नाही.

ट्रकवाला डिझेल भरतो ते दर बघून. कर्नाटकात डिझेल स्वस्त असलं, की तो कागलजवळची महाराष्ट्राची हद्द ओलांडण्याआधी निपाणीकडेच टाकी भरून घेतो. तीनशे लिटर डिझेल म्हणजे आठशे किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरला चार किलोमीटर धरले, तरी तेवढ्यात तो कोल्हापूर, पुणे, ठाणे मागे टाकून अहमदाबाद गाठतो. धूर आमच्या घाटांत आणि नोंद कर्नाटकाच्या नावावर. गोव्यानं २०१२ साली पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, तेव्हा सिंधुदुर्गातल्या एमएच ०७ च्या गाड्या हद्दीपलीकडच्या पंपांवर रांगा लावू लागल्या. त्यांचा धूर माणशी भागला जातो तो गोवेकरांच्या डोक्यावर.

मुंबईची लोकल तर या इंधनविक्रीच्या हिशेबात येतच नाही. ती विजेवर चालते, तिचा धूर वीजनिर्मितीच्या खात्यात जमा होतो, आणि राज्यातला कोळसा मोठ्या प्रमाणावर जळतो तो विदर्भात, चंद्रपूर-कोराडीला.

दुसरी आकडेवारीच नाही, हा बचाव आता टिकत नाही. २०१८ पासून ई-वे बिलात माल कुठून कुठे, किती किलोमीटर, कोणत्या गाडीनं गेला याची नोंद होते. २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे गाडी कुठून गेली तेही नोंदलं जातं. तेव्हा मोजायचं ते प्रत्यक्ष धावलेलं अंतर. नुसती राज्य ओलांडून जाणारी वाहतूक वेगळी काढावी, मालाला टन-किलोमीटर आणि माणसांना प्रवासी-किलोमीटर हेच माप लावावं.

आणि कमी आकड्याला सरसकट शाबासकी देऊ नये. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. दवाखान्यापर्यंतही पोचता न येणाऱ्या माणसाचं उत्सर्जन कमीच भरणार. तिथं एसटीच्या फेऱ्या वाढल्या तर आकडा वाढेल, तो वाढायलाच हवा. कपात करायचीच तर न्हावा-शेवा बंदरातून ट्रेलरवर लादून उत्तरेकडे जाणारे कंटेनर आधी रेल्वेवर चढवा.