रेषा कोणाच्या हाती?

२०२५ मध्ये दिवाळीच्याच आठवड्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळाने प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांचा नकाशा पुन्हा बदलला. नवी जनगणना झालेली नव्हती, न्यायालयाचा आदेशही नव्हता. रॅली-कॅरी परिसरात आपली मराठी कुटुंबे राहतात. पण हा विषय इथे घेण्यामागे तेवढेच कारण नाही.

१९९२ मध्ये याच राज्यात बारावा मतदारसंघ महामार्ग ८५ धरून आखला गेला. लांबी सुमारे १६० मैल, रुंदी काही ठिकाणी रस्त्याएवढीच! तरी त्यामागे जुना अन्याय दूर करण्याचा हेतू होता, हे विसरता येत नाही. १९०१ पासून या राज्याचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेला नव्हता. १९९२ च्या निवडणुकीत मेल वॉट आणि इव्हा क्लेटन हे दोघे कृष्णवर्णीय गेले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आकार घटनाबाह्य ठरवला.

पुढे तो हेतू मागे पडला आणि कात्री तेवढी उरली. २०१६ च्या नकाशाने ग्रीन्सबरोच्या ए अँड टी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठाचे आवारच चिरले. लॉरेल स्ट्रीटच्या एका बाजूचे विद्यार्थी सहाव्या मतदारसंघात, दुसऱ्या बाजूचे तेराव्यात. तेरापैकी दहा जागा आपल्याला हव्यात, असे रिपब्लिकन आमदार डेव्हिड लुईस यांनी उघड सांगितले होते. अकरा मिळतील असा नकाशा शक्य वाटत नाही, म्हणून दहा. हा निर्ढावलेपणा आम्हाला असह्य वाटतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की पक्षीय आखणीचा निवाडा संघराज्याची न्यायालये करू शकत नाहीत. राज्याच्या न्यायालयाने २०२२ मध्ये असा नकाशा रद्द केला, जागा आता चौदा झाल्या होत्या, निवडणूक ७-७ अशी सुटली. मग त्याच न्यायालयातले बहुमत बदलले, निकाल फिरला आणि २०२४ मध्ये आकडा रिपब्लिकनांच्या बाजूने १०-४ झाला. त्याच दिवशी त्याच मतदारांनी राज्यपाल मात्र डेमोक्रॅट निवडला!

आपल्याकडे भारतात मात्र २००८ मध्ये लागू झालेली मतदारसंघांची पुनर्रचना निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केली. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य होते, मताचा अधिकार त्यांना नव्हता. ही तरतूद आम्हाला अतिशय मोलाची वाटते. आयोगाने प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवल्या, जाहीर बैठका घेतल्या. पुढच्या पुनर्रचनेचा प्रस्ताव येईल, तेव्हा आपल्या तालुक्याचे पान उघडून हरकत नोंदवणारे वाचक आम्हाला हवे आहेत.