ताप आला तर रात्रीच्या गाडीची वाट पाहू नका

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया ही नावे पूर्वी डॉक्टरांनी नुसती उच्चारली तरी घरात रडारड सुरू व्हायची. आता त्यांपैकी काही रुग्ण मुंबई-पुण्याला जाऊन मूलपेशीरोपण, म्हणजे आपण ज्याला 'बोन मॅरो' म्हणतो ते, करून सोलापूरला परत येतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे होऊ नये. या शेपटाचे नाव जंतुसंसर्ग. रोपण मोठ्या शहरात होते हे खरे. ते फळाला येते की नाही, हे मात्र पुष्कळदा आपल्याच गावात, ताप आल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार तासांत ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या देशात या उपचाराची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर पहिले मज्जारोपण केले. टाटाचा हा विभाग पुढे नवी मुंबईत खारघरला गेला. आज अशी केंद्रे वाढली आहेत आणि घरी परतणारे रुग्णही वाढले आहेत.

पहारेकरीच नाहीत

रोपणाआधी तीव्र औषधांनी रुग्णाची जुनी मज्जा जवळजवळ रिकामी करतात. मग दात्याच्या किंवा रुग्णाच्या स्वतःच्याच साठवलेल्या मूलपेशी शिरेतून सोडतात. त्या हाडांत रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर जंतूंना अडवणाऱ्या पांढऱ्या पेशी नसल्यातच जमा असतात. न्युट्रोफिल नावाच्या पेशी पाचशेच्या खाली गेल्या, की आपल्याच आतड्यातले आणि त्वचेवरचे जंतू रक्तात शिरतात. बुरशीही याच काळात फुप्फुसात घर करते.

हा काळ रुग्णालयात जातो. घोटाळा पुढे होतो. पेशींची संख्या वाढली, रिपोर्ट चांगला आला, की नातेवाईक समजतात, झाले सगळे! पण पहारेकरी नवशिके असतात. पहिल्या शंभर दिवसांत शरीरात सुप्त असलेले सायटोमेगॅलोसारखे विषाणू डोके वर काढतात. त्यानंतर न्यूमोनियाचे जंतू आणि नागीण यांचा धोका राहतो. आपल्याकडे क्षयरोगही विसरून चालत नाही. स्वतःच्या पेशी घेतलेला रुग्ण लवकर सावरतो. दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्याला वर्ष, कधी त्याहून जास्त काळ लागतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परके समजून त्रास देऊ लागल्या, तर स्टिरॉइडसारखी औषधे द्यावी लागतात आणि प्रतिकारशक्ती पुन्हा खाली जाते.

शंभरच्या पुढचा काटा

अशा रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो व्हायरल समजू नये. आपली रीत अशी, की आधी घरातली पॅरासिटामॉल द्यायची, उतरला तर बघू म्हणायचे, आणि नाहीच उतरला तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठायची. या रीतीत एक पूर्ण दिवस जातो. रक्तातला जंतुसंसर्ग तेवढा वेळ देत नाही. गोळीने ताप झाकला जातो, जंतू तसाच राहतो.

योग्य क्रम असा. ताप मोजा. रोपण केंद्राला फोन करा. लगेच सोलापुरातल्या सर्व सोयी असलेल्या रुग्णालयात जा. तेथे रक्त कल्चरसाठी घ्यावे आणि शिरेतून प्रतिजैविकाचा पहिला डोस शक्यतो तासाभरात द्यावा. मुंबईला न्यायचे की नाही, हा विचार त्यानंतर. स्टिरॉइड चालू असेल तर ताप चढेलच असे नाही. हुडहुडी, धाप, ग्लानी, जुलाब हीदेखील तितकीच गंभीर लक्षणे समजावीत.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की अशा रुग्णाला कमरेत सुई देऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होतो, गळू होते. 'डॉक्टर, एक सुई मारा, उतरेल' हा आग्रह रुग्णांनीही सोडावा.

घरातली पथ्ये

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे साबणाने धुतलेले हात. पाणी उकळून, झाकून ठेवलेले द्यावे. आपल्याकडे पाणी साठवण्याची सवय आहे, तेव्हा भांडी रोज घासावीत. ताजे, गरम, पूर्ण शिजलेले अन्न उत्तम. कच्ची मोड आलेली कडधान्ये, बाहेरची कापलेली फळे, उसाचा रस नको. सोलापूरकराला शेंगाची चटणी सोडवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दमट शेंगांना बुरशी लागते, म्हणून निदान वर्षभर ती बेताने आणि केंद्राच्या डॉक्टरांना विचारूनच. कडबा, शेण, जुनी पोती, घराचे पाडकाम यांच्या धुळीत ॲस्परजिलस ही बुरशी असते. रुग्ण तेथे फिरकू नये.

भेटायला येणारे ही आणखी एक अडचण. प्रेमापोटी येतात, पण सर्दी-खोकलाही घेऊन येतात. दारातून विचारपूस करा, फोन करा. नवसाचेही तेच. गड्ड्याची यात्रा, तुळजापूर, पंढरपूर येथील गर्दी वर्षभर टाळावी. देव थांबतो, जंतू थांबत नाही.

बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करण्याची चूक फार होते. को-ट्रायमॉक्साझोल, अॅसायक्लोव्हिर या गोळ्या आजार बरा करण्यासाठी नसून तो येऊ नये म्हणून असतात. लहानपणीच्या लसींचे संरक्षणही बहुतेक पुसले जाते. त्यामुळे लसी नव्याने घ्याव्या लागतात. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी मात्र दोन वर्षांपूर्वी नकोत, आणि त्यानंतरही तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. घरात कोणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी केंद्राला कळवावे.

मागणी एवढीच

मोठ्या रुग्णालयांनी घरी सोडताना इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यावर मराठीत एक पान जोडावे. त्यावर रोपणाची तारीख, चालू औषधे, तापात द्यायचे पहिले प्रतिजैविक आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर हवा. रक्तगटही लिहावा, कारण दात्याचा गट वेगळा असेल तर रुग्णाचा गट बदलतो आणि जुने कार्ड फसवते. रक्त चढवायचे झाल्यास ते किरण दिलेले असावे, हेही त्याच पानावर हवे. जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयांनी असा रुग्ण आला, तर त्याला केसपेपरच्या रांगेत उभे करू नये.

जमीन विकून, दागिने मोडून, भावाबहिणीने मज्जा देऊन ज्याला परत आणले, तो रुग्ण एका रात्रीच्या दिरंगाईने जाऊ नये. त्याच्या घरात आजच एक थर्मामीटर आणून ठेवा आणि केंद्राचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.