फुकटच्या दोन रात्री

मुले झाल्यावर पतिपत्नी दोघेच कुठे बाहेर गेले, असा प्रसंग मध्यमवर्गीय घरात फारसा येत नाही. सहली होतात, पण त्या देवदर्शनाच्या, लग्नकार्याच्या, नाही तर मुलांच्या सुटीतल्या. दोघांनीच जायचे म्हटले की आधी खर्च आठवतो आणि मग सासूबाई काय म्हणतील, हे. यातली पहिली अडचण क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्समुळे दूर होते, असे हल्ली सर्रास ऐकू येते. अमके जोडपे गोव्याच्या पंचतारांकित हॉटेलात दोन रात्री राहून आले म्हणे, आणि खोलीसाठी एक पैसाही द्यावा लागला नाही! ऐकणारी गृहिणी घरी जाऊन नवऱ्याला विचारते, ‘‘कार्ड तर आपलेही आहे. मग आपले पॉइंट्स जातात कुठे?’’

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बऱ्याच नवऱ्यांना ठाऊक नसते.

ही कल्पना मुळात विमान कंपन्यांची. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांच्या मैलांची नोंद ठेवून त्यांना मोफत तिकिटे द्यायला सुरुवात केली. दोन वर्षांत मोठ्या हॉटेलांनी तोच मार्ग धरला आणि पुढे बँकांची कार्डेही त्यात आली. बँक हे पॉइंट्स पदरमोड करून देत नाही. कार्डावर खरेदी झाली की दुकानदाराकडून ती ठरावीक टक्के रक्कम कापून घेते आणि त्यातला थोडा भाग ग्राहकाला परत करते. शिवाय बिल अर्धवट भरणाऱ्यांकडून मिळणारे व्याज असतेच.

आता घरचा हिशेब मांडून पाहावा. समजा, पुण्यातले एक कुटुंब किराणा, औषधे, कपडे, मुलांच्या वस्तू असा महिन्याला ४०,००० रुपयांचा खर्च कार्डावर करते. साध्या कार्डावर १०० रुपयांना २ पॉइंट्स मिळतात आणि एका पॉइंटचे २५ पैसे धरले जातात, असे मानू. वर्षाचे पॉइंट्स झाले ९,६००, म्हणजे २,४०० रुपये. चांगल्या हॉटेलातल्या दोन रात्रींचे करांसह १८,००० रुपये होत असतील, तर त्या ‘फुकट’ मिळवायला साडेसात वर्षे लागतील. तोवर पॉइंट्स टिकतही नाहीत. पुष्कळ कार्डांवर दोनतीन वर्षांत ते रद्द होतात.

मग ती जोडपी गोव्याला जातात कशी? त्यांच्याकडे बहुधा वरच्या श्रेणीचे कार्ड असते. त्यावर १५० रुपयांना ५ पॉइंट्स आणि हॉटेलसाठी वापरल्यास प्रत्येकाचा एक रुपया असा भाव मिळाला, तर वरच्याच खर्चावर वर्षाला १६,००० रुपये सुटतात. ऐकायला छान वाटते. पण अशा कार्डाचे वार्षिक शुल्क १०,००० रुपये असेल, तर १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० रुपये होतात. हातात उरले ४,२०० रुपये. वर्षभरात काही लाखांचा खर्च केल्यास हे शुल्क माफ होते आणि बरीच घरे फसतात ती याच पायरीवर. मर्यादा गाठायला तीस-चाळीस हजार कमी पडतात म्हणून मार्चमध्ये नवा टीव्ही येतो. जुना चांगला चालत असतो.

खरा फायदा होतो तो ज्यांचे मोठे खर्च टळणारेच नसतात त्यांचा. विम्याचे हप्ते, घरातले लग्न, नवा फ्रिज हे खर्च व्हायचेच असतील, तर ते कार्डावरून करून बिल मुदतीत पूर्ण भरणारे कुटुंब दोन वर्षांत सहज दोन रात्री जमवू शकते. मात्र पेट्रोल, घरभाडे, मासिक हप्त्यांवरची खरेदी यांवर बऱ्याच बँका पॉइंट्स देत नाहीत. शाळेची फी आणि विजेचे बिल यांवरही काही ठिकाणी मर्यादा असते. हे नियम मध्येच बदलतात, म्हणून बँकेचा संदेश आला की न वाचता पुसून टाकू नये.

आणि बिल पूर्ण भरले नाही तर? महिन्याला साडेतीन टक्के हा व्याजाचा दर अनेक कार्डांवर आढळतो. ४०,००० रुपयांवर महिन्याचे १,४०० रुपये व्याज आणि त्यावरचा २५२ रुपये जीएसटी, असे १,६५२ रुपये गेले. साध्या कार्डाची वर्षाची कमाई २,४०० रुपये; म्हणजे दोन महिन्यांची थकबाकी ती गिळून वर आणखी मागते. ‘किमान रक्कम’ भरली की झाले, असे समजणाऱ्यांना हे सांगायलाच हवे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजावर वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला.

पॉइंट्स जमले तरी ते कधी खर्चावेत, यातही शहाणपण आहे. रोखीतला दर करांसह विचारावा आणि मागितलेल्या पॉइंट्सनी भागावा. १८,००० रुपयांच्या खोलीला ३०,००० पॉइंट्स लागत असतील, तर एका पॉइंटचे ६० पैसे झाले. बँकेच्या यादीतला मिक्सर २५ पैशांच्या हिशेबाने मिळतो, त्यापेक्षा हे नक्कीच बरे. पण तीच खोली जुलैत ९,००० रुपयांना मिळत असेल आणि पॉइंट्स तेवढेच मागत असतील, तर भाव ३० पैशांवर आला. अशा वेळी खोलीचे पैसे रोख द्यावेत आणि पॉइंट्स राखून ठेवावेत.

पावसाळ्यातला गोवा मात्र अशा जोडप्यांनी विचारात घेण्याजोगा आहे. किनाऱ्यावरची शॅक्स बंद असतात, समुद्रात उतरणे धोक्याचे असते आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीवर बंदी असल्याने ताजी सुरमई दुर्मीळ आणि महाग. पण सुरमईसाठी कोण चालले आहे! तिसऱ्यांचे सुके, सुक्या सुंगटांची किसमूर आणि सोलकढी बाहेरच्या साध्या खाणावळीत मिळते. पुण्याहून जाणारी गोवा एक्सप्रेस कॅसलरॉकवरून घाट उतरते, त्याच मार्गावर पावसात भरून कोसळणारा दूधसागर आहे. २४ जूनच्या सुमाराला गेल्यास सांजावचा सण पाहायला मिळतो. डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून लोक विहिरीत उड्या टाकतात. एरवी पणजीच्या फोंतेन्यास भागातून छत्री घेऊन रमतगमत फिरावे आणि उरलेला वेळ खिडकीतून पाऊस पाहावा. घरी तेवढेही होत नाही.

हॉटेलात मात्र जिभेला आवर हवा. फुकट असते ती फक्त खोली. जेवण, कपड्यांची धुलाई, खोलीतल्या फ्रिजमधली शीतपेये यांचे बिल निघताना हातात पडते. खोली फुकट म्हणून मनमोकळा खर्च करणारी जोडपी कधी कधी खोलीच्या भाड्याइतके पैसे खाण्यावर देऊन येतात.

एक गोष्ट बहुतेक घरांत बोललीच जात नाही. पत्नीला पुरवणी कार्ड दिलेले असते. किराणा, औषधे, मुलांचे बूट ती त्यावर घेते, घासाघीस तिची, यादी तिची. पॉइंट्स जमा होतात मूळ कार्डधारकाच्या, म्हणजे बहुधा पतीच्या खात्यात. मग तो ऐटीत सांगतो, ‘‘तुला गोव्याला नेतो.’’ त्यातले निम्मे पॉइंट्स तिच्याच खरेदीचे असतात, हे त्याच्या ध्यानीही नसते. कुठे जायचे, केव्हा जायचे किंवा जायचेच नाही, हे दोघांनी मिळून ठरवावे. मुले दोन दिवस कोणाकडे राहतील, हा प्रश्नही एकट्या तिच्यावर सोडू नये. आजी-आजोबा आनंदाने सांभाळतात, फक्त त्यांना आदल्या रात्री नव्हे, पंधरा दिवस आधी विचारावे.

‘तुमचे पॉइंट्स आज रात्री संपणार’ असा संदेश आणि सोबत दुवा आला तर तो उघडू नये. हा फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे. पॉइंट्स पाहायचे तर बँकेच्या स्वतःच्या अॅपवर पाहावेत. ओटीपी कोणालाही सांगू नये. कार्ड बंद करायचे असेल तर आधी पॉइंट्स वापरून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार थकबाकी नसल्यास अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवे, नाही तर तिला दिवसाला ५०० रुपये दंड पडतो.

आरक्षण करताना न्याहारी धरलेली आहे का आणि बेत रद्द झाल्यास पॉइंट्स परत मिळतात का, एवढे विचारून घ्यावे. हॉटेलात दोघांचीही ओळखपत्रे मागतात, ती आठवणीने बरोबर ठेवावीत. खात्यापुरती काही रक्कम हॉटेलवाले कार्डावर अडकवून ठेवतात, ती सुटायला काही दिवस लागतात. तेव्हा परतल्यावर लगेच फी भरायची असेल, तर ते पैसे वेगळे काढूनच निघावे.