कुदळ एकाची, पदवी दुसऱ्याची

पुरातत्त्व म्हणजे सुखवस्तूंचा फावल्या वेळचा उद्योग, हा समज आपल्या चळवळीनेही निमूटपणे मान्य केला आहे. भाकरीचा प्रश्न सुटला नसताना खापऱ्या कशाला मोजायच्या, असे कार्यकर्ते विचारतात. जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने त्याचे उत्तर देणे उचित होय.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत ना शिलालेख, ना राजाचे नाव. तरीही पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले; त्याला लागून धान्याचे कोठार. त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला एक पुरुष पुरलेला होता. इतर प्रौढांच्या वाट्याला साधा खड्डा. धान्यावर सत्ता कोणाची होती, हे कोणा भाटाने लिहून ठेवलेले नाही. ते मातीने सांगितले. श्रमणाऱ्यांचा इतिहास पोथ्यांत फारसा नसतोच.

मग ही माती वाचण्याचे शिक्षण कोणास मिळते? पदवीपर्यंत हा विषय बहुतेक ठिकाणी इतिहासाच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरता. खरे शिक्षण सुरू होते एम. ए.ला, तेही मोजक्या शहरांत आणि मुख्यतः इंग्रजीतून. पुढे पीएच. डी.ची लांबलचक वर्षे. 'नेट' नसलेल्या संशोधकांना केंद्रीय विद्यापीठांत मिळणारी तुटपुंजी विद्यावृत्तीही बंद करण्याचा घाट अनुदान आयोगाने २०१५ साली घातला होता. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. राज्य विद्यापीठांना तर त्या योजनेत स्थानच नव्हते. कमाईविना इतकी वर्षे थांबण्याची ज्या घराची ऐपत, त्याच घरातून संशोधक निपजणार. अर्थशास्त्र यास संधी-खर्च म्हणते. शेतमजूर 'परवडत नाही' एवढेच म्हणतो.

आणि खड्डा खणतो कोण? त्याच गावचा रोजंदारीवरील मजूर. त्याच्या कुदळीखालून निघालेल्या खापरीचे शास्त्र त्याच्या मुलीने शिकावे, अशी वाट मात्र आपण बांधलेली नाही.

नोकऱ्याच नाहीत, असा आक्षेप येईल. परंतु काम संपले आहे काय? गावोगावच्या पांढरीची टेकाडे सपाटीकरणात नाहीशी होत आहेत, आणि त्यांची नोंद घेण्यास पुरेशी माणसे नाहीत. काम आहे, पदे भरण्याची इच्छा नाही.

तेव्हा साथींनो, शिक्षणविषयक निवेदनांत चार मागण्या घाला : जिल्ह्याच्या ठिकाणी मराठीतून पुरातत्त्वाची पदवी, क्षेत्रकार्याचा खर्च शासनाकडे, प्रत्येक संशोधकास जगण्यापुरती विद्यावृत्ती, आणि कायम नेमणुका. कोठाराचा हिशेब मागणाऱ्यांनी कोठाराचा इतिहास परक्या हाती सोडू नये.