दुखण्याआधी भरावी अशी दाढ

मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. दाताला पडलेले भोक मात्र आपोआप बुजत नाही. दाताचे वरचे कवच म्हणजे एनॅमल. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हाच नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे एकदा खड्डा पडला की किडलेला भाग काढून ती जागा दुसऱ्या पदार्थाने भरणे, एवढाच मार्ग उरतो.

एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे 96 टक्के खनिज असते. त्याखाली जरा मऊ डेंटिन आणि अगदी आत नसा व रक्तवाहिन्यांचा पल्प असतो. दातांवर साचलेल्या चिकट थरातले जीवाणू साखरेचे आम्ल करतात. दाताजवळचा पीएच साधारण 5.5 च्या खाली उतरला की एनॅमलमधले खनिज विरघळू लागते. खाणे थांबल्यावर लाळ हे आम्ल हळूहळू निवळते आणि थोडे खनिज परत बसवते. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोड चहा आणि बिस्किटे चालू राहिली, तर लाळेला ती उसंतच मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे ठरते.

दातात किडा शिरतो, ही समजूत मात्र जगभर फार जुनी आहे. ग्रामीण भागात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो किडा ‘पाडण्याचा’ प्रकार चालत आला आहे. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी 1728 सालच्या आपल्या ग्रंथात ही कल्पना नाकारली होती.

किडीची सुरुवात पांढऱ्या खडूसारख्या डागाने होते. या टप्प्यावर फ्लोराइडयुक्त पेस्ट, नीट घासणे आणि खाण्याच्या वेळा सांभाळणे यांनी ती थोपवता येते. दात कोरावा लागत नाही. एनॅमलमध्ये नसा नसल्याने हा सारा काळ बिनबोभाट जातो. कीड डेंटिनपर्यंत पोचली की थंड किंवा गोड लागताच क्षणभर कळ येते. दात भरण्याची खरी वेळ ती, किंबहुना त्याच्याही आधीची. कीड पल्पपर्यंत गेली की दाढ आपोआप ठणकू लागते, रात्री झोप उडते. तेव्हा बहुधा नुसते भरून भागत नाही. रूट कॅनल करावे लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. दुखणे थांबल्यावरही धोका टळलेला नसतो, कारण पल्प मेल्यामुळेही कळ जाते आणि मुळाशी पू होत राहतो.

दाढांच्या माथ्यावरच्या खाचा आणि दोन दातांमधल्या फटी या किडीच्या आवडत्या जागा. फटीतली कीड आरशात दिसत नाही, म्हणून एक्स-रे काढतात. भरण्याआधी कीड खोल असेल तर हिरडीत भुलीचे इंजेक्शन देतात. खालच्या दाढेसाठी दिलेल्या भुलीने त्या बाजूचा ओठ आणि अर्धी जीभही बधिर होते. मग मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणाऱ्या एअरोटरने एनॅमल उघडतात. घर्षणाच्या उष्णतेने पल्पला इजा होऊ नये म्हणून त्यावर सतत पाण्याचा फवारा चालू असतो. आतला मऊ, सडका भाग हाताच्या बारीक चमच्यासारख्या हत्याराने किंवा कमी वेगाच्या यंत्राने खरवडतात. पल्पला लागून असलेला, जरा मऊ पडलेला थर कधी कधी मुद्दाम ठेवतात. कडेने खड्डा नीट बंद झाला तर तिथल्या जीवाणूंची उपासमार होते आणि पल्प वाचतो.

भरण्याचे पदार्थ मुख्यतः तीन. लोक ज्याला ‘चांदी’ म्हणतात ते अमाल्गम. त्यात जवळपास निम्मा पारा असतो; उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबे. ते मजबूत आणि स्वस्त आहे, पण दाताला चिकटत नाही, खाचेत अडकून बसते. पाऱ्याच्या प्रदूषणाला आवर घालणाऱ्या मिनामाता करारामुळे त्याचा वापर घटत आहे. भारतही या करारात आहे आणि युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून, अपवाद वगळता, त्यावर बंदी घातली आहे. तोंडात असलेली जुनी, शाबूत चांदी मात्र भीतीपोटी काढू नये. काढताना निघणारी पाऱ्याची वाफ हीच जास्त असते.

दुसरे ग्लास आयोनोमर, म्हणजे बोलीतले ‘सिमेंट’. ते दाताला रासायनिक रीतीने चिकटते आणि थोडे फ्लोराइड सोडत राहते. मात्र चावण्याच्या जोराने लवकर झिजते, म्हणून दुधाच्या दातांना आणि हिरडीलगतच्या खड्ड्यांना ते सोयीचे पडते. तिसरे दाताच्या रंगाचे कंपोझिट. ते बसवण्यासाठी खड्ड्याच्या कडांना काही सेकंद फॉस्फरिक आम्ल लावून धुतात, त्यावर चिकट द्रव फासतात. मग सुमारे दोन-दोन मिलिमीटरचे थर देत प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करतात. या वेळी लाळ लागली तर पकड बिघडते. कापसाचे बोळे किंवा रबराचा पडदा लावतात तो त्यासाठी. तात्पुरत्या भरणीत झिंक ऑक्साइडबरोबर लवंग तेलातले युजेनॉल असते. आजीच्या लवंगेला दवाखान्यातही जागा आहे ती अशी.

या पदार्थांनी कोरण्याची रीतही बदलली. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खड्ड्याला ठरावीक आकार देण्याचे नियम घालून दिले. पुढे कीड लागू नये म्हणून शेजारचा निरोगी भागही कोरायचा, असा त्यांचा आग्रह होता. 1955 साली मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाने एनॅमल खडबडीत करून त्यावर राळ चिकटवता येते हे दाखवले. त्यानंतर चिकटणारी द्रव्ये सुधारत गेली आणि फक्त किडलेला भाग काढणे पुरेसे ठरू लागले. 1980च्या दशकात टांझानियात केवळ हातातल्या हत्यारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर भरण्याची पद्धत रुजली. वीज नसलेल्या गावातही ती वापरता येते.

भरल्यानंतर बधिरता जाईपर्यंत खाऊ नये. लहान मुले नकळत ओठ चावून घेतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवावे. काही दिवस थंड पदार्थाने कळ येणे स्वाभाविक आहे. दात मिटताना भरलेला भाग आधी टेकत असेल तर तो घासून घ्यावा, नाहीतर चावताना दाढ दुखत राहते. कळ वाढत गेली किंवा रात्री ठणका लागला तर पुन्हा दाखवावे. भरलेली दाढ आयुष्यभराची नसते. कडेला फट पडली की तिथे नवी कीड लागते, आणि प्रत्येक वेळी बदलताना खड्डा थोडा मोठा होतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मुलांच्या सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेकडे. तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही, ती मागून गुपचूप उगवते. त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्या खोल खाचा वेळीच सीलंटने बुजवता येतात. किडलेले दुधाचे दातही भरून घ्यावेत, कारण कायमच्या दातांची जागा तेच राखून ठेवतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात दात भरून मिळतो. मूल पहिलीत गेले की एकदा त्याच्या मागच्या दाढा दंतवैद्याला दाखवून घ्याव्यात, दुखत नसल्या तरीही.