कारागिराला मुदत हवी

लखनौच्या अमीनाबादेत चिकनच्या भरतकामाच्या दुकानांपुढे पांढऱ्या, मोतिया, गुलाबी कुडत्यांचे जे ढीग पडलेले असतात, ते पाहून ही कला भरभराटीस आली आहे, असे कोणाही प्रवाशास वाटावे, आणि मलाही तसेच वाटले होते. परंतु एका वृद्ध दुकानदाराने कपाटाच्या तळातून जुना अंगरखा काढून दिव्यासमोर धरला, तेव्हा तांदळाच्या दाण्यांसारखे मुर्रीचे टाके, बाजरीएवढे फंद्याचे टाके आणि एकही धागा न तोडता केवळ सुईच्या टोकाने उभे-आडवे धागे बाजूस सारून साधलेली जाळी पाहिल्यावर बाहेरच्या ढिगाकडे पुन्हा वळवेना. असे काम करणारे हात अजून आहेत, थांबणारे गिऱ्हाईक मात्र राहिले नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

ते मला पटले. निळीने छापलेला कपडा घरी नेऊन नगावर मजुरी घेणाऱ्या बाईने मुर्री टाळून लांब, सैल टाके घातले, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? बाजार काम संपल्यावर पैसा मोजतो. आश्रयदाता काम सुरू होण्यापूर्वीच निर्वाहाची तजवीज करतो, आणि दीर्घ साधनेच्या कृती या पूर्वतजविजीवाचून उभ्या राहत नाहीत. १८५६ साली अवध खालसा झाल्यावर चिकनला लाभलेला लखनौच्या नबाबांचा दरबारी आश्रय आटला. नबाबी पुन्हा यावी, असे मी म्हणत नाही. तिचा खर्च रयतेच्या वसुलीतून होई.

आपल्याकडचे उदाहरण अधिक अनुकरणीय आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेस एक लाख रुपयांचे अभिवचन दिले, ते ग्रंथाचे एक पानही तयार नसताना. १९१९ साली आरंभलेले ते कार्य १९६६ साली पुरे झाले; तोवर त्याचे प्रमुख संपादक डॉ. सुकथनकर १९४३ साली आणि स्वतः बाळासाहेब १९५१ साली निवर्तले होते. जे आपल्या हयातीत पुरे होईल याची शाश्वती नाही, त्यासाठी द्रव्य देणे, हीच माझ्या मते आश्रयाची खरी कसोटी होय.

आज संस्थानिक नाहीत. परंतु लग्नाच्या एका दिवसाच्या सजावटीवर लाखो रुपये खर्चणारी घराणी, वर्धापनदिनी भेटवस्तू घाऊक खरेदी करणाऱ्या कंपन्या आणि सहकारी बँका आहेत. पूर्वीच्या वर्षासनाच्या धर्तीवर यांनी एकेका चिकनकारिणीस, विणकरास वा शिल्पकारास दोन-तीन वर्षांचा तनखा बांधून द्यावा आणि मध्यंतरी हिशेबाचा तगादा लावू नये. आपणा सामान्यांनाही हे अगदीच अशक्य नाही. लखनौस जाल तेव्हा ढिगातले चार कुडते उचलण्याऐवजी एकाच वस्त्राचा इसार देऊन या, त्यावर करणारणीचे नाव लिहवून घ्या, आणि मुदत तिलाच ठरवू द्या.