लाखाचा लॅपटॉप

परवा नातू म्हणाला, "आबा, घ्यायचा तर मॅकबुकच! महाग आहे, पण टिकतो." किंमत लाखाच्या घरात. पैसा त्याच्या बापाच्या मिरचीचा. नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळत पडलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना लाख रुपये म्हणजे काय ते सांगायला नको.

'महाग ते टिकाऊ' हे आमच्याच पिढीचं सूत्र. पण ते सायकलीला लागू होतं, कारण ती गावात कुणीही उघडून दुरुस्त करायचा. अ‍ॅपलने २०२० पासून स्वतःची चिप घातलेल्या लॅपटॉपमध्ये मेमरी नंतर वाढवताच येत नाही. घेतली तेवढीच जन्मभर! याला टिकाऊ कसं म्हणायचं?

बॅटरी भरपूर चालते, हे मान्य. वीज जाणाऱ्या गावात तो मोठा गुण. व्हिडिओच्या कामावर पोट असेल त्याने जरूर घ्यावा. आमच्या चिरंजीवांना बी.कॉम.चे हिशेब करायचेत! निम्म्या किमतीचा, मेमरी वाढवता येणारा लॅपटॉप त्याला पुरे.

उरलेल्या पैशांत त्याच्या बहिणीची फी भरता येईल. तिने अजून काहीच मागितलेलं नाही, म्हणून मी मागतोय.

असो. नातवा, वाचलंस तर रागावू नकोस. घरी ये, बोलू.